गावाची ओळख : पेरुंगुडी

इंग्लंडातील एखाद्या लहानशा खेड्याची हकिकत लिहावयास बसणाऱ्यास साधनांची फारशी वाण पडत नाही. १०८६ सालच्या ‘डूम्सडे’ मोजणीत त्याच्या गावाचे नाव बहुधा सापडते; चर्चमधील नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची शतकांची स्मृती जपलेली असते. आपली खेडी मात्र याबाबतीत मुकी आहेत असे पुष्कळांना वाटते. चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडीकडे पाहिले, तर हा समज कितपत खरा आहे हे कळून येईल.

तमिळ भाषेत ‘पेरुम्’ म्हणजे थोर आणि ‘कुडी’ म्हणजे वस्ती. पेरुंगुडी म्हणजे थोरली वस्ती. मन्नारगुडी, कारैक्कुडी या नावांतही हीच ‘कुडी’ आहे. पेरुंगुडी पूर्वी चेंगलपट्टू जिल्ह्यात मोडत असे. हा मुलुख १७६३ साली अर्काटच्या नवाबाकडून ईस्ट इंडिया कंपनीस जहागीर म्हणून मिळाला, आणि १७६७ ते १७७४ या काळात टॉमस बर्नार्ड याने तेथील सुमारे दोन हजार गावांची मोजणी केली. घरे किती, देवळे किती, तळी किती, पिकाचा कोणता वाटा कोणाकडे जातो, हे सारे तीत टिपलेले आहे. आपल्या बलुतेदारांप्रमाणे तेथेही गावसेवकांना धान्याच्या राशीतून वाटा मिळे. हिशेब राखणारा कणक्कुपिळ्ळै म्हणजे आपला कुलकर्णीच. शेतांना पाळीपाळीने पाणी सोडणारा नीरकट्टी हा मात्र त्या प्रदेशाचा खास माणूस होय.

याचे कारण तेथील भूमीत आहे. चेंगलपट्टूचा बराचसा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर थोड्या आठवड्यांत कोसळतो. तो अडविला नाही तर समुद्रास मिळतो. म्हणून उताराच्या बाजूस अर्धचंद्राकृती मातीचा बांध घालून ‘एरी’ म्हणजे तलाव बांधीत. एका एरीचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या एरीत उतरे, तेथून पुढच्या. भंडारा व गोंदिया भागातील मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही योजना परकी वाटणार नाही.

गावच्या जमिनीची वर्गवारीही पाण्यावरूनच होई. भिजणारी ती ‘नंजै’, कोरडवाहू ती ‘पुंजै’, घरांची जागा ‘नत्तम्’. आपल्या काळी-पांढरीची येथे आठवण होते. यांखेरीज ज्या जमिनीवर सारा बसत नसे, ती ‘पोरंबोक’. तळे, ओढा, गुरचरण, दलदल यांची नोंद या सदरात पडे. सारा नाही म्हणून सरकारला तिची किंमत नाही, असा अर्थ पुढे या शब्दास चिकटला, आणि अनर्थाचे मूळ येथेच आहे.

पेरुंगुडीस लागूनच पळ्ळिकरणैची विस्तीर्ण पाणथळ आहे. दक्षिण चेन्नईतील अनेक तलावांचे पाणी तीत येऊन विसावते आणि ओक्कियम मडुवू या वाटेने बकिंगहॅम कालव्यात व तेथून कोवळम्‌च्या खाडीत जाते. ती पडीक समजली गेल्यामुळे तिच्याच एका भागावर महानगराचा कचरा पडू लागला. पुढे विद्युद्रेल्वेचे पेरुंगुडी स्थानक २००७ साली सुरू झाले. महाबलीपुरमचा जुना रस्ता २००८ साली सहापदरी होऊन त्याच्या कडेस संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. २०११ साली चेन्नई महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ वर गेली. पेरुंगुडी तीत सामावले आणि तिच्या चौदाव्या विभागास त्याचे नाव मिळाले.

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये दक्षिण चेन्नईचा मोठा भाग पुरात बुडाला. त्यानंतर साडेतीनच वर्षांनी, जून २०१९ मध्ये, याच रस्त्यावरील कार्यालयांनी पाणी नाही म्हणून नोकरांस घरूनच काम करण्यास सांगितले. पूर आणि दुष्काळ हे एकाच उणिवेचे दोन परिणाम होत : पाण्याला थांबावयास जागा उरली नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये कचऱ्याचा ढीग पेटून कित्येक दिवस धुमसत राहिला. त्याच वर्षी पळ्ळिकरणैच्या सुमारे १,२४८ हेक्टर क्षेत्रास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. जुना कचरा उपसून वेगळा करण्याचे कामही हाती घेण्यात आले. रोहित पक्षी, कमळपक्षी व जांभळ्या पाणकोंबड्या यांनी ती जागा पूर्वीही सोडली नव्हती.

असे असले तरी गाव अगदीच नाहीसे झालेले नाही. पहाटे उंबऱ्यापुढे सडा घालून तांदळाच्या पिठाचे कोलम काढण्याची तमिळ घरांतील रीत महानगरातही टिकून आहे, आणि मार्गळी महिन्यात त्यास विशेष बहर येतो. वंशपरंपरेची ग्रामाधिकारपदे तमिळनाडूत १९८० साली रद्द झाली. परंतु नंजै, पुंजै, पोरंबोक हे शब्द कागदोपत्री अद्याप चालू आहेत.

वाचकांपैकी अनेकांची गावेही आज शहराच्या वेशीवर उभी असतील. त्यांनी गावचा जुना नकाशा एकवार उलगडून पाहावा. ज्या जागेवर सारा नाही, जिचा कोणी धनी नाही, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पावसाळ्यात तेथे पाणी साचत असेल, तर ती जागा पडीक नाही. गावाची तहान तिच्या भरवशावर आहे.