बटणाची जागा ॲपवाल्याच्या मालकीची नाही

ॲप बनवणाऱ्या मंडळींशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. ॲप आम्ही बनवले, त्यातल्या चुकांबद्दल शिव्या आम्ही खातो, मग मेनू कुठे असावा हे गूगलने किंवा ॲपलने आम्हाला का सांगावे? या आक्षेपामागे वर्षानुवर्षांचा मनस्ताप आहे, आणि त्याचा सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे अँड्रॉइडच्या मेनू बटणाची कहाणी. लंगड्या पूर्वपक्षाचे खंडन मला करायचे नाही. म्हणून ती कहाणी आधी त्यांच्याच बाजूने सांगतो.

२००८ साली एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. त्यावर होम आणि बॅक यांच्या जोडीला मेनू नावाचे खरेखुरे, बोटाखाली दबणारे बटण होते. कुठल्याही ॲपमध्ये ते दाबले की स्क्रीनच्या तळातून पर्यायांची चौकट वर येई. २०११ च्या फेब्रुवारीत टॅब्लेटसाठी आलेल्या ३.० आवृत्तीने अशा बटणांची गरजच संपवली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४.० आवृत्ती व गॅलक्सी नेक्सस हा फोन जाहीर झाला. त्यात बॅक, होम आणि अलीकडची ॲप्स अशी तीन बटणे स्क्रीनवरच उमटत होती. मेनू गायब होता. जानेवारी २०१२ मध्ये गूगलने डेव्हलपरांना जाहीर निरोप दिला: मेनू बटणाला विसरा, महत्त्वाची कामे वरच्या पट्टीत ठेवा आणि उरलेली तीन टिंबांच्या आड लपवा.

निरोप देणे सोपे होते. त्या वेळी लोकांच्या हातातले बहुसंख्य अँड्रॉइड फोन २.३ किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवर चालत होते, आणि त्यांच्यात ही वरची पट्टी नव्हतीच. जुन्या फोनवरही ती दाखवणारी गूगलची स्वतःची लायब्ररी यायला २०१३ चा मध्य उजाडला. मधल्या काळात जेक व्हार्टन या डेव्हलपरने लिहिलेल्या, फुकट मिळणाऱ्या ॲक्शनबारशरलॉकवर असंख्य ॲप्स तरून गेली. इकडे एचटीसीच्या २०१२ च्या वन एक्सवर बॅक, होम आणि अलीकडची ॲप्स अशी स्क्रीनबाहेरची बटणे होती, मेनू नव्हता. त्यामुळे जुने ॲप उघडले की केवळ तीन टिंबे दाखवण्यासाठी स्क्रीनच्या तळाची आख्खी पट्टी काळी होऊन वाया जाई. सॅमसंगने मात्र त्याच वर्षीच्या एस थ्रीवर आणि पुढच्या वर्षीच्या एस फोरवर मेनू बटण कायम ठेवले. फोनला बटण आहे म्हटल्यावर तिथे वरची तीन टिंबे दिसेनाशी होत. एकच ॲप, पण दोन फोनांवर त्याचे दोन चेहरे. ‘सेटिंग कुठे आहे?’ असे ग्राहकाने विचारले तर आधी ‘तुमचा फोन कोणता?’ असे विचारावे लागे. वैतागलेल्या डेव्हलपरांनी शेवटी या फोनला मेनू बटण नाही असे यंत्रणेला खोटेच पटवणारा काही ओळींचा कोड एकमेकांना वाटला. २०१४ च्या एस फाइव्हवर सॅमसंगनेही मेनूच्या जागी अलीकडच्या ॲप्सचे बटण बसवले, तेव्हा कुठे हा घोळ आवरत आला.

इथवर पूर्वपक्षाचा शब्द न् शब्द मला मान्य आहे. अमान्य आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष. ‘बघा, प्लॅटफॉर्मने ढवळाढवळ केली की असे होते, म्हणून त्याला आमच्या स्क्रीनबाहेर काढा,’ असे ही मंडळी म्हणतात. पण त्या दोन-अडीच वर्षांत नेमके काय घडले ते पाहा. गूगल एक सांगत होते, सॅमसंग दुसरे करत होते, एचटीसीने तिसरीच वाट धरली होती. एकाच चौकात तीन हवालदार तीन दिशांना हात दाखवत होते. अशी कोंडी पाहून हवालदारच नकोत असे कोणी म्हणत नाही. त्याआधीचा स्वैराचार आठवा. गूगलच्याच नावाने २०१० साली निघालेल्या दोन फोनांवर बटणांचा क्रम वेगळा होता. नेक्सस वनवर बॅक, मेनू, होम, सर्च, तर नेक्सस एसवर बॅक, मेनू, सर्च, होम. होमसाठी सवयीने बोट टेकवावे आणि सर्च उघडावा. आजही सॅमसंगच्या फोनवर मागे जाण्याचे बटण मुळात उजवीकडे येते, आणि इतर अनेकांच्या फोनवर डावीकडे. हे स्वातंत्र्य कोणाच्या कामी आले?

मेनू बटणात खोट होती हेही सांगितले पाहिजे. या स्क्रीनवर मेनू आहे की नाही, याचा त्या बटणावरून पत्ता लागत नसे. दाबून पाहायचे, काहीच झाले नाही तर नाही असे समजायचे. म्हणजे गूगलचे निदान बरोबर होते. औषध मात्र अर्धेच दिले. ज्या बटणावर काहीतरी खूण होती ते गेले आणि त्याच्या जागी नाव नसलेली तीन टिंबे आली, तीही फोन एका हातात धरल्यावर अंगठा सहज पोहोचत नाही अशा वरच्या कोपऱ्यात.

आता मालकीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ॲपमधला मजकूर, रंग, सेवा हे सगळे ॲपवाल्याचे आहे. पण ‘मागे कसे जायचे’, ‘उरलेले पर्याय कुठे असतात’ हे ज्ञान वापरणाऱ्याच्या बोटांत असते. ते त्याने वेळ घालून, चुका करून कमावलेले असते, आणि एकाच ॲपसाठी कमावलेले नसते. ज्याच्या फोनवर चाळीस ॲप्स आहेत त्याला चाळीस घरांची चाळीस प्रकारची दारे शिकायला लावणे ही जबरदस्ती आहे. ती करणारा प्रत्येक जण स्वतःपुरते एकच दार बदलत असतो, त्यामुळे ती त्याला जाणवत नाही, एवढेच.

माझ्या आईकडे एक शंभर पानी वही आहे. वय चौऱ्याहत्तर, नजर अधू, हिशेब चोख. फोनवरचे प्रत्येक काम तिने त्या वहीत पायऱ्या पाडून लिहिले आहे. ‘वीजबिल. निळे चित्र. वर उजवीकडे तीन टिंबे. तिसरी ओळ. आकडा बघणे. त्रिकोण दोनदा दाबून बाहेर.’ तो त्रिकोण म्हणजे तळाचे बॅक बटण. एका अपडेटनंतर त्या ॲपमधली तीन टिंबे गेली, पर्याय खालच्या पट्टीत एका चित्राआड सरकले आणि वहीचे ते पान रद्द झाले. मी संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा ती वही पुढ्यात घेऊन बसली होती. ‘माझंच काहीतरी चुकतंय रे,’ म्हणाली. मी म्हटले, ‘आई, तुझं काही चुकलेलं नाही, त्यांनी बदललंय.’ तिला ते पटले नाही. छापलेले पुस्तक रात्रीतून बदलत नाही, स्वयंपाकघरातला डबा आपल्याआप फळी बदलत नाही. म्हणून दोष स्वतःचाच, असे तिच्या पिढीने धरून चालायचे.

‘लोकांना सवय होते’ या उत्तराचा मला म्हणूनच राग येतो. सवय होते ती ज्यांना रोज तासन् तास फोन हाताळायचा असतो त्यांना. महिन्यातून एकदा बिल भरणाऱ्याला सवय व्हायच्या आत पुढचे अपडेट येऊन ठेपते. आणि ज्याला सवय होत नाही तो तक्रार नोंदवत नाही. तो मुलाला, नातवाला किंवा कोपऱ्यावरच्या मोबाइल दुकानदाराला फोन आणि पिन दोन्ही देऊन मोकळा होतो.

प्लॅटफॉर्म म्हणेल तेच शहाणपण, असे मानणाऱ्यांचे म्हणणेही टिकत नाही. २०१२ च्या गूगलच्या डिझाइन नियमांत खालची टॅबपट्टी हा दुसऱ्या प्लॅटफॉर्मचा रिवाज ठरवून अँड्रॉइडचे टॅब वरच असावेत असे बजावले होते. मार्च २०१६ मध्ये त्याच गूगलच्या नियमांत खालची पट्टी रीतसर दाखल झाली. मधल्या चार वर्षांत इमानेइतबारे टॅब वर नेणाऱ्यांनी ते पुन्हा खाली आणायचे. डाव्या कडेवरून बोट ओढून मेनू उघडण्याचीही तीच गत. गूगलनेच ती पद्धत रूढ केली, आणि २०१९ च्या अँड्रॉइड १० ने तोच कडेवरचा स्वाइप ‘मागे जा’ या अर्थाने स्वतःकडे घेतला. ॲपला आपल्या कामासाठी कडेची जागा राखून ठेवण्याची मुभा मिळाली, पण एका कडेवर फक्त २०० डीपी, म्हणजे जेमतेम सव्वा इंच. लोक मेनू उघडायला जात आणि ॲपमधून बाहेर पडत.

वर गूगलच्या हातात चाबूक आहेच. २०१८ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या ॲपला ठरावीक नव्या आवृत्तीचे नियम पाळावेच लागतात, आणि ती मर्यादा दरवर्षी पुढे सरकते. ऑगस्ट २०२५ अखेरपासून नवी ॲप्स आणि अपडेट यांना अँड्रॉइड १५ च्या नियमांत बसावे लागते. स्क्रीनच्या कडेपर्यंत, बटणांच्या पट्टीखालूनही ॲप पसरवण्याची सक्ती त्यातच आहे. डेव्हलपरला तारीख देऊन वाकवण्याची ताकद ज्याच्याकडे आहे, त्याने वापरणाऱ्याला तारखेचे एकही वचन देऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते.

तरीही माझा कौल प्लॅटफॉर्मच्या नियंत्रणाकडेच आहे, आणि त्याचे कारण मराठी वाचकाच्या अनुभवातलेच आहे. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांत अनेक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी चौकोनी डबे दिसत, जोडाक्षरे फुटत. हे दुखणे एकेका ॲपवाल्याच्या उपकाराने बरे झाले नाही. देवनागरी नीट उमटवण्याचे काम यंत्रणेने स्वतःकडे घेतले आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये खुद्द फोनची भाषा मराठी करता येऊ लागली. ज्या ॲप्सनी यंत्रणेचीच अक्षरे वापरली होती त्यांना काहीही न करता मराठी मिळाली. ज्यांनी अक्षरे स्वतःच्या हाताने रंगवायचा हट्ट धरला त्यांच्यात ‘प्र’चा ‘प’ आणि ‘र’ वेगळा पडत राहिला. अंध माणसाला स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकचेही तसेच. यंत्रणेचे साधे बटण तो नावासकट वाचतो. डिझायनरने आपल्या कल्पनेने रेखलेले, नाव न दिलेले बटण त्याला ‘बटण’ एवढेच दिसते. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दृष्टिहीन आणि ॲसिडहल्ल्यात होरपळलेल्या नागरिकांना केवायसी करताना येणाऱ्या अडचणींच्या खटल्यात, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हा हक्क हजारो ॲपवाल्यांच्या मर्जीवर सोडता येणार नाही. तो राखायचा तर मागे जाणे, अक्षरांचा आकार, भाषा, वाचून दाखवणे आणि मुख्य पर्यायांची जागा या गोष्टी एकाच ठिकाणी ठरल्या पाहिजेत.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे गूगलच्या मक्तेदारीची वकिली करता. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो फोनमध्ये आपलीच ॲप्स आधीपासून भरायला लावण्यासारख्या अटींबद्दल. ती बाजाराची नाकेबंदी होती, दंड योग्यच होता, आणि अपिलातही तो कायम राहिला. पण रस्त्याच्या कडेची सगळी दुकाने बळकावणे वेगळे आणि वाहने डाव्या बाजूने चालवा असे सांगणे वेगळे. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढला तर अपघात पादचाऱ्यांचे होतात.

डाव्या बाजूचा नियम करणाऱ्याने मात्र तो चार वर्षांनी उजवा करू नये. करायचाच असेल तर जुन्या सवयीला दीर्घ मुदत द्यावी, आणि नियम आधी स्वतःच्या ॲप्सना लावावा. हे जमते, याचे उदाहरण आहे. २००७ च्या पहिल्या आयफोनवरचे होम बटण २०१७ च्या आयफोन टेनवरून गेले, पण ज्यांना ते हवे होते त्यांच्यासाठी होम बटणाचा आयफोन एसई ॲपल फेब्रुवारी २०२५ पर्यंत विकत होती. सात वर्षांहून अधिक काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्या. अँड्रॉइडवरही बटणांऐवजी बोट ओढण्याची जेश्चर आली तरी बहुतेक फोनांच्या सेटिंगमध्ये तीन बटणांचा पर्याय शिल्लक आहे. आईचा नवा फोन जेश्चर लावूनच आला होता. पहिल्या दिवशी ती प्रत्येक ॲपमध्ये अडकत होती. सेटिंगमध्ये जाऊन मी तीन बटणे परत आणली, तळाशी त्रिकोण, गोल आणि चौकोन उमटले, आणि वहीची बहुतेक पाने पुन्हा लागू झाली.

फोनची यंत्रणा घडवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: पुढे काय वाटेल ते नवे आणा, पण तो पर्याय काढू नका.