विश्लेषण : आरा गिरण्या मोजक्याच, धुऱ्यावरच्या सागाचा भाव ठरवतो कोण?

चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान देशभर जातं. 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूर डेपोतून सागवान गेलं, तेव्हा शोभायात्रा निघाली. पण याच पट्ट्यातल्या शेतकऱ्याला धुऱ्यावरची चार झाडं विकायची झाली, तर भाव बहुतेक वेळा व्यापारीच सांगतो. त्यामागे एक मोठं कारण आहे : लाकूड चिरणाऱ्या आरा गिरण्या मोजक्याच हातात राहिल्या आहेत.

गिरण्यांवर बंधन कधी आलं?

गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने 12 डिसेंबर 1996 रोजी देशभरातल्या जंगलतोडीला लगाम घातला. पुढे 4 मार्च 1997 च्या आदेशात महाराष्ट्राचं थेट नाव आलं. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरा गिरण्या, प्लायवूड कारखाने तात्काळ बंद करा आणि नवे परवाने देऊ नका, असं कोर्टाने सांगितलं. 2002 मध्ये आणखी एक अट आली : केंद्रीय अधिकार समितीच्या परवानगीशिवाय कुठल्याही राज्यात नवी गिरणी नाही.

हे गरजेचंच होतं. जंगलाला लागून गिरणी असली की रात्रीत तोडलेला ओंडका सकाळपर्यंत चिरान होऊन जातो, मग तो कुठल्या झाडाचा हे ओळखता येत नाही. चोरीचं लाकूड जिरवायची जागाच बंद झाली.

पण जंगलातलं झाड आणि शेतातलं झाड गिरणीच्या पट्ट्याखाली सारखंच. त्यामुळे ज्याने स्वतःच्या शेतात साग लावला, त्याचीही बाजारपेठ आकसली. नवी गिरणी सहज निघत नाही, त्यामुळे जुन्या परवान्यालाच किंमत आली. एखाद्या मालकाने धंदा सोडला की त्या गावाला नवी गिरणी मिळेलच असं नाही. काम शहरातल्या मोठ्या गिरण्यांकडे सरकतं.

गिरणी लांब गेली की काय होतं?

ओंडका जड असतो. चिरताना साल, कडेचे तुकडे आणि भुसा यात बराच भाग जातो. गिरणी दहा किलोमीटरवर असेल तर हे परवडतं. ती शंभर किलोमीटरवर गेली की वाया जाणाऱ्या भागाचंही भाडं भरावं लागतं. हे भाडं व्यापारी स्वतःच्या खिशातून देत नाही, झाडाच्या भावातून कापतो. दोन-चार झाडंवाल्याला गाडी भरत नाही, म्हणून त्याला भाव आणखी कमी.

दुसरीकडे बाहेरचं लाकूड वाढलं. म्यानमारने 1 एप्रिल 2014 पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. त्यानंतर आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचा साग भारतीय बाजारात जास्त दिसू लागला. न्यूझीलंडचं पाइन गुजरातच्या कांडला बंदरावर उतरतं, शेजारच्या गांधीधाममध्ये गिरण्यांची रांगच आहे. तिथे जहाजभर माल एकाच ठिकाणी चिरला जातो. प्लायवूडमध्ये हरियाणाचं यमुनानगर असंच मोठं झालं, पण ते शेतकऱ्यांनी लावलेल्या पॉप्लर आणि निलगिरीवर. म्हणजे शेतातल्या लाकडावर मोठा उद्योग उभा राहू शकतो. आपल्याकडे साग आहे, पण तालुक्यात घेणारे हात मोजके.

आता दार थोडं उघडलं आहे

2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने परवान्याचा विषय राज्यस्तरीय समित्यांकडे सोपवायला मान्यता दिली. 2016 मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. राज्यात लाकूड किती उपलब्ध आहे हे पाहून समितीने निर्णय घ्यायचा. जून 2025 मध्ये केंद्राने शेतजमिनीवरच्या झाडांच्या तोडीसाठी राज्यांना नमुना नियम पाठवले. त्यात शेतातल्या लागवडीची ऑनलाइन नोंद करण्याची सोय आहे.

इथेच खरी मेख आहे. सातबाऱ्यावर किंवा पोर्टलवर ज्या झाडांची नोंदच नाही, ती समितीच्या हिशेबात कशी येणार? शेतातलं लाकूड कागदावर दिसलं नाही, तर ‘कच्चा माल नाही, नवी गिरणी नको’ हेच उत्तर येत राहील. ग्रामपंचायतींनी मालकी झाडांची यादी करून ठेवली, तर तालुक्यासाठी परवाना मागताना हातात आधार राहील.

विकण्याआधी एवढं करा

फेरा स्वतः मोजा. लाकडाच्या बाजारात चौथाई मापाचा हिशेब चालतो. ओंडक्याच्या मध्यावर गोलाई इंचात घ्या, चारने भागा, येईल त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग फुटातल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा. गोलाई 48 इंच, लांबी 10 फूट असेल तर उत्तर येतं 10 घनफूट. त्याच ओंडक्यात प्रत्यक्षात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. म्हणजे रूढ मापातच घेणाऱ्याला सूट मिळालेली असते. त्यावर पुन्हा ‘नजर अंदाजाने’ सौदा केला तर नुकसान दुप्पट.

वन विभागाच्या आणि वन विकास महामंडळाच्या डेपोत जाहीर लिलाव होतात. त्याच लांबी-गोलाईच्या मालाचा तिथला भाव विचारा. त्यातून तोड आणि वाहतूक वजा करा. व्यापाऱ्याशी बोलताना हा आकडा जवळ असू द्या. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी एकत्र माल काढला तर गाडी भरते आणि दोन गिरण्यांकडून भाव मागता येतो.

परवानगी आणि वाहतूक पासशिवाय झाड हलवू नका. सातबारा, नकाशा, झाडांची यादी आधी तयार ठेवा. आदिवासी खातेदारांसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. त्यांनी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा न करता जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा असतो. कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्या ठेकेदाराला तर दारातूनच परत पाठवा.

साग तयार व्हायला निम्मं आयुष्य जातं आणि सौदा अर्ध्या तासात होतो. त्या अर्ध्या तासाआधी टेप घेऊन एकदा शेतात जाऊन या.