सर्वांना चालेल असं

"काहीतरी सर्वांना चालेल असं मागवू या," हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं, त्याचा पत्ता मला हवा आहे. मी बँकेतला कारकून माणूस. वीस वर्षं लोकांचे हिशेब जुळवण्यात गेली. मी सहसा रागवत नाही. काउंटरवर बसणाऱ्याला राग परवडत नाही. पण या एका वाक्यावर माझा राग आहे आणि तो आज व्याजासकट वसूल करायचा आहे.

प्रकरण १८ डिसेंबर २०२२ चं. त्या रविवारी रात्री साडेआठला फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. कुर्ल्यातल्या आमच्या सोसायटीत फुटबॉल खेळणारं मोठं माणूस एकही नाही. लहान मुलं खेळतात, पण त्याला नोटीस बोर्डावर 'उपद्रव' म्हणतात. तरीही पटांगणात पडदा लावून सगळ्यांनी मिळून सामना पाहायचा असं ठरलं. याला कारण माझा भाचा. तो अमेरिकेहून सुट्टीवर आला होता आणि येताना एक शब्द घेऊन आला होता : टेलगेट पार्टी.

"म्हणजे काय रे?"

"मामा, मॅचच्या आधी स्टेडियमबाहेर गाड्या लावायच्या, गाडीचं मागचं दार उघडायचं आणि तिथंच शेगडी मांडून खायचं-प्यायचं."

"हात्तिच्या! म्हणजे फाळका!" मी म्हणालो. ट्रकच्या मागच्या दाराला आपण फाळका म्हणतो. फाळका पाडून त्यावर जेवायला बसणं आमच्या एल. बी. एस. मार्गाला नवं नाही. ट्रकवाले ते नेहमी करतात, फक्त त्याला पार्टी म्हणत नाहीत. शिवाय गाड्यांच्या बाबतीत कुर्ल्याला कुणी शिकवू नये. अख्ख्या मुंबईला टॅक्सीतून फिरवणारी प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्याच कारखान्यात जन्मली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा मला माहेरचं माणूस गेल्यासारखं वाटलं. गणपतीला गावी निघालो की तिच्या डिकीत आमचं अर्धं बिऱ्हाड मावत असे. तिच्यात फाळका पार्टी सहज झाली असती.

पण खरी गंमत पुढे होती. तिकडे म्हणे प्रत्येक मुलखाचा पदार्थ ठरलेला. विस्कॉन्सिनवाले ब्रॅटवुर्स्ट नावाचं सॉसेज भाजणार, लुइझियानावाले गंबो नावाचं कालवण रटारटा शिजवणार, कॅन्सस सिटीवाले तासन्‌तास धुरावर मांस धरून बसणार. आणि बफेलो विंग्ज! हे ऐकून मी दचकलो. म्हशीला पंख? पण बफेलो हे शहराचं नाव आणि पंख कोंबडीचे. १९६४ साली तिथल्या अँकर बारमध्ये हा पदार्थ पहिल्यांदा झाला असं सांगतात. तोवर पंख ही सूपच्या भांड्यात टाकायची वस्तू. त्या टाकाऊ पंखाला गावाने आपलं नाव लावलं आणि देशभर मिरवलं. आमच्याकडे सुकटीला कुणी असं आडनाव दिलंय का?

मी कमिटीच्या सभेत सूचना मांडली : प्रत्येक बिऱ्हाडाने आपापल्या मुलखाचा पदार्थ आणावा. आमची सोसायटी म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा घडी घालून चार मजल्यांत बसवलेला. पाच मिनिटांत यादी झाली. जळगावच्या वहिनी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी देणार होत्या. अमरावतीकर रोडग्यांवर घसरले. दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणी काकूंनी रव्यातले बोंबील लिहिले. कुर्ला गावठाणातला माझा बँकेतला ईस्ट इंडियन दोस्त पाहुणा म्हणून येणार होता. तो घरचे फुगे आणि बाटली मसाल्यातलं मटण आणतो म्हणाला. कोल्हापूरकर तर उभेच राहिले. "फुटबॉल आमचा," ते म्हणाले. त्यात खोटं काही नाही. तिकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावं, आणि त्याच तालमींचे फुटबॉलचे संघ शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही कोल्हापूरचाच. "तांबडा रस्सा स्टीलच्या पेल्यातून देऊ," ते म्हणाले. "गोल झाला तरी सांडणार नाही."

आणि इथे सेक्रेटरींनी चष्मा पुसला. "कल्पना चांगली आहे. पण वासाचं काही नको. कुणाला चालतं, कुणाला चालत नाही. आपण सर्वांना चालेल असं मागवू या. पिझ्झा."

ठराव मंजूर. मालवणी काकूंनी उठून यादीतलं आपलं नाव स्वतःच्या हाताने खोडलं. "आमचं कशाला उगाच," एवढंच म्हणाल्या. त्या सोसायटीत तीस वर्षं राहतात. जिथे आपण तीस वर्षं राहतो तिथे 'आमचं कशाला उगाच' म्हणावं लागणं, यापेक्षा मोठी थकबाकी मी कुठल्या खात्यात पाहिलेली नाही.

आता माझा मुद्दा. सर्वांना चालेल असं म्हणजे कुणाचंच नसलेलं. मीठ सर्वांना चालतं, म्हणून पंगतीत नुसतं मीठ वाढतात का? ज्यांना मासे चालत नाहीत त्यांच्या पानात ते घाला असं कोण म्हणतंय? दोन टेबलं मांडा. एका टोकाला भरीत, दुसऱ्या टोकाला बोंबील, मध्ये पडदा. वासाचं म्हणाल तर मी नाकाचा आदर करतो. पण जे नाक मिठी नदीशी इतकी वर्षं संसार करत आलंय, त्याला तासाभराचा बोंबील सोसू नये?

पिझ्झ्याशी माझं वैर नाही. तोही नापोली या गावचा मुलखी पदार्थच. नापोलीच्या माणसाने आपल्या आईच्या हातचा पिझ्झा आणला तर मी उभा राहून टाळ्या वाजवीन. पण खोक्यातून आलेला पिझ्झा कुणाच्या आईचा? अमेरिकेची नक्कल करायची तर पुरती करा. ते फाळक्यावर आपलं गाव मांडतात. आम्ही फाळका उचलला आणि गाव तिथेच ठेवलं.

आणि नक्कल तरी कशाला? डिसेंबरात आपल्याकडे काय कमी पार्ट्या होतात? सोलापूर-नगरकडे हुरडा, खानदेशात मळ्यातलं भरीत, वऱ्हाडात गोवऱ्यांच्या आरावरचे रोडगे. रायगडात पोपटी : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला अख्खं गाव शेतात जाऊन भज्जी-आंबील खातं; ती अमावस्या या सामन्यानंतर पाचच दिवसांनी होती. यातल्या कशालाच फाळका लागत नाही. थंडी, विस्तव आणि चार शेजारी पुरतात.

हे सगळं मी घरी आवेशाने ऐकवलं. बायकोने शांतपणे विचारलं, "अस्मिता तुमची आणि पोळपाट कुणाचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाचा मात्र म्हणाला, "तिकडे शेगडीपाशी पुष्कळदा पुरुषच उभे असतात, मामा." नेमकी ही गोष्ट तो सभेत का बोलला नाही, कोण जाणे.

असो. रविवार उजाडला, मावळला. मध्यंतराला यायचा तो पिझ्झा मध्यंतराला आला नाही. अर्जेंटिना दोन-शून्याने पुढे. सामना संपल्यात जमा. ऐंशीव्या मिनिटाच्या सुमारास गेटवर हॉर्न वाजला आणि भुकेलेली सोसायटी धावली. मोजायचं काम निघालं की लोकांना बँकवाला आठवतो. चौदा खोकी मागवली होती, तेरा भरत होती. मी दुसऱ्यांदा मोजत असताना दुसऱ्या मजल्यावरून आरोळी आली. पाठोपाठ आणखी एक, पहिलीपेक्षा मोठी. आम्ही पडद्याकडे वळलो तर दोन-दोन! एम्बापेने ९७ सेकंदांत दोन गोल केले होते, आणि त्या ९७ सेकंदांत आम्ही खोकी मोजत होतो.

आरोळ्या मालवणी काकूंच्या घरातून आल्या होत्या. पटांगणातली निम्मी मुलं केव्हाच वर पळाली होती. काकूंनी बोंबील तळले होतेच. फक्त यादीत लिहिले नव्हते. जादा वेळ सुरू झाला तेव्हा मीही वर गेलो. तीन-तीन झालं, पेनल्टीवर अर्जेंटिना चार-दोनने जिंकली, तोवर जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. आवाज फार होतोय का, हे बघायला सेक्रेटरीसुद्धा आले. ते मूळचे रत्नागिरीचे. दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी का बंद असते, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्यांनी आवाज चार बोंबील होईपर्यंत तपासला.

खाली गार पिझ्झा सर्वांना चालत होता. खात कुणीच नव्हतं.

पुढच्या सभेसाठी मी ठराव लिहून ठेवला आहे. एक : सामन्याच्या दिवशी ज्याने त्याने आपापला पदार्थ आणावा, टेबलं दोन असावीत. दोन : शेगडीपाशी पुरुषांनी उभं राहावं. तीन : 'सर्वांना चालेल असं' हे शब्द सोसायटीच्या इतिवृत्तातून काढून टाकावेत.

ठरावाला अनुमोदक लागतो, म्हणून कागद घेऊन मालवणी काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सही करते," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या कलमाप्रमाणे बोंबील तळणार कोण?"

मी सध्या शिकतो आहे. पहिले सहा करपले.