हाताचा एक्स-रे तीनदा काढला, डोक्याचं कुणी विचारलंच नाही

हे लिहू की नको यात दीड महिना गेला, कारण यात पहिली चूक माझी आहे. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

माझा भाचा पंधरा वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत मित्राची गाडी घेऊन निघाला. ट्रिपल सीट, हेल्मेट नाही, लायसनचा प्रश्नच नाही. वळणावर खडीवरून गाडी घसरली. मागच्या दोघांना खरचटलं, याच्या उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडं मोडली. बहिणीचा फोन आला, "दादा, दवाखान्यात काय सांगायचं?"

सतरा वर्षं बातमीदारी केलेला माणूस मी. अपघात म्हटलं की एमएलसी, एमएलसी म्हटलं की पोलीस. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २५ हजारांचा दंड आणि पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला पाठ. मी म्हणालो, "जिन्यावरून पडला म्हणून सांग."

झालं. केसपेपरवर तेच आलं. दोन पायऱ्यांवरून हात टेकून पडलेल्या पोराचा हातच बघणार ना! एक्स-रे, रक्त, ईसीजी, रात्री बारानंतर पोटात काही नको, इथे सही करा. सकाळी ऑपरेशन, दोन प्लेटा. हाताचं काम उत्तम झालं, आजही त्याबद्दल तक्रार नाही.

ऑपरेशननंतर तो तीनदा ओकला. दिवसभर झोपून होता. ट्यूबलाइट बंद करा म्हणून रडत होता. सिस्टर म्हणाल्या, भुलीचा असर आहे. बहीण म्हणाली, भुलीचा असर आहे. मीही तेच म्हणालो. पंधरा दिवसांनी डोकं दुखणं चालूच, पुस्तकाची दोन पानं वाचली की गरगरायला लागायचं, कुणी काही बोललं की अंगावर यायचा. तेव्हा कुणी भुलीचं नाव काढलं नाही. तेव्हा मोबाईलचं नाव काढलं. जूनमध्ये शाळा सुरू झाली तर सर म्हणाले, नाटकं करतोय.

शेवटी गाडीवर मागे बसलेला त्याचा मित्रच एक दिवस सांगून गेला. "मामा, हा पडल्यावर दोन-तीन मिनिटं काही बोलतच नव्हता. आणि मग सारखं एकच विचारत होता, गाडी कुणाची आहे, गाडी कुणाची आहे. आम्हाला वाटलं घाबरला." जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, कन्कशन. म्हणजे आपण ज्याला डोक्याचा मुका मार म्हणतो आणि विसरून जातो, तो. सीटी स्कॅन नॉर्मल आला. तो बहुतेक वेळा नॉर्मलच येतो म्हणाले, कारण इथे कवटी फुटलेली नसते की रक्त साकळलेलं नसतं. मेंदूला हिसका बसून त्याचं कामकाज काही दिवस बिघडतं. बेशुद्ध पडायलाच पाहिजे असंही नाही.

आता मुद्दा. हाड मोडून आलेल्या पोराच्या डोक्याची विचारपूस ऑपरेशनच्या आधी झाली पाहिजे, आणि तिची नोंद कागदावर पाहिजे. सीटी स्कॅन म्हणत नाही मी, विचारपूस म्हणतोय. प्रत्येक पोराला मशीनमध्ये घालायचं तर पैसा जातो आणि रेडिएशन मिळतं ते वेगळं. कुठल्या मुलांचा सीटी टाळला तरी चालतो हे ठरवण्यासाठी अमेरिकेत ४२ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला, तो २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यातसुद्धा बराचसा भर ओकारी झाली का, शुद्ध गेली होती का, डोकं किती दुखतंय, मार कसा लागला, असल्या प्रश्नांवरच आहे.

ऑपरेशनच्या आधीच का? एक तर नंतर विचारून उपयोग नाही. मळमळ, झोप, गरगर, हे सगळं भुलीनंतर आणि दुखणं थांबवायच्या इंजेक्शननंतरही होतं. आधीची नोंद नसेल तर नंतरचं कशामुळे, हे कोण ओळखणार? आणि दुसरं जास्त गंभीर. मार लागलेल्या मेंदूची स्वतःचा रक्तपुरवठा सांभाळण्याची ताकद काही दिवस कमी झालेली असू शकते. भूल दिल्यावर रक्तदाब उतरू शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी कळलं तर तो रक्तदाबावर जास्त लक्ष ठेवेल, शक्य असेल तर नुसता हात बधिर करून काम भागवेल, किंवा चार दिवस थांबू म्हणेल. ऑपरेशन पुढे ढकलाच असा सरसकट नियम नाही. हाड कातडीबाहेर आलंय, हाताची नाडी लागत नाही, अशा वेळी थांबून चालतच नाही. पण स्लॅब लावून थांबता येण्यासारखी केस असेल तर निदान तो विचार तरी झाला असता.

ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरांशी बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, मोडलेलं हाड ओरडतं, त्यापुढे डोक्याचं दुखणं पोराला स्वतःलाच जाणवत नाही, आम्हाला काय सांगणार? आणि तुम्ही लोक खरं सांगता का? यावर मी काय बोलणार. आमच्यासारख्या गावात भूल देणारे डॉक्टर दिवसात तीन-चार दवाखाने करतात, पेशंटची आणि त्यांची भेट बऱ्याचदा टेबलाच्या दारातच होते. त्यांनी तिथे काय काय विचारायचं?

म्हणूनच हे कॅज्युअल्टीत, पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी झालं पाहिजे. डोकं आपटलं का, पडतानाचं आठवतंय का, उजेडाचा त्रास होतोय का, दोन-दोन दिसतंय का, मळमळतंय का. सिस्टरसुद्धा विचारू शकतात, पाच मिनिटं लागतात. पोराला विचाराच, पण जो बरोबर होता त्यालाही विचारा, आणि आईबापाला जरा बाहेर उभं करून विचारा. एकदा विचारून भागत नाही. २०१९ ला लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू लागल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासण्या पास होऊन पुन्हा बॅटिंगला आला होता, डोकं दुखायला लागलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मग त्याच्या जागी लाबुशेन खेळला. तिथे डॉक्टर हाताशी होते, कॅमेरे होते. इथे वॉर्डात पोराच्या उशाशी फक्त आई असते, म्हणून ऑपरेशनच्या दिवशी सकाळी परत विचारायचं.

आणि घरच्यांसाठी: पोलिसांना काय सांगायचं ते नंतर बघा, डॉक्टरला खरं सांगा. एमएलसीच्या भीतीनं आपण जे लपवतो, त्यात डोक्याचा मारही लपतो.

आमच्या धंद्याचंही सांगतो. 'सुदैवाने डोक्याला इजा नाही', 'दोघे किरकोळ जखमी', ही वाक्यं मी शेकड्यांनी लिहिलीत. एकदाही कुणाला विचारून लिहिलेली नाहीत.

भाचा आता बरा आहे. डोकं दुखणं थांबलंय, अभ्यासाला बसतो. हात मोकळा झाल्या दिवशीच कबड्डीला निघाला होता, डॉक्टरांनी अडवलं, कारण मेंदू पुरता सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो जास्त महागात पडतो. पुढच्या वर्षी प्लेटा काढायच्या आहेत, म्हणजे पुन्हा भूल. त्याच्या फाईलमध्ये पहिलं पान मी माझ्या हातानं लिहून लावलंय: मे महिन्यात गाडीवरून पडला, हेल्मेट नव्हतं, दोन-तीन मिनिटं बोलत नव्हता, गाडी कुणाची हेच विचारत होता. जिन्यावरून पडला हे खोटं होतं, हेही त्यात लिहिलंय.