दहातले नऊ बुडतात म्हणे!

गेल्या दिवाळीत वहिनीने पोळी-भाजी केंद्र काढायचा विषय काढला. गाळा हेरला होता, रोज किती पोळ्या गेल्या तर परवडेल याचा हिशोब वहीत मांडला होता. मी वही उघडलीसुद्धा नाही. ‘वहिनी, दहातले नऊ धंदे पहिल्याच वर्षी बसतात,’ म्हणालो. घरात इंजिनिअर मी एकटा, त्यामुळे माझा आकडा खराच! विषय तिथेच मिटला.

आकडा तपासला मी नंतर. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही जाहिरातीत हॉटेलांबद्दल हेच ठोकून दिलं होतं. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एच. जी. पारसा यांनी कोलंबस शहरातली हॉटेलं प्रत्यक्ष मोजली. पहिल्या वर्षी गेली सुमारे २६ टक्के, तीन वर्षांत सुमारे ६०. त्यातही नुसता मालक बदलला तरी ते हॉटेल ‘गेलं’ असंच धरलं होतं. अमेरिकी सरकारच्या कामगार आकडेवारीनुसार सगळ्या प्रकारचे नवे व्यवसाय धरले, तर पहिल्या वर्षी सुमारे २० टक्के बंद होतात, पाच वर्षांनी जवळपास निम्मे उरतात आणि दहा वर्षांनी एक तृतीयांश.

हे आकडे तिकडचे आहेत, मान्य. वहिनीच्या गल्लीचं भविष्य ते सांगत नाहीत. पण मग माझा नव्वदचा आकडा तरी कुठल्या गल्लीतला होता?

आणि बंद पडणं म्हणजे बुडणं नव्हे. कुणी धंदा विकतो, कुणाला चांगली नोकरी लागते. बुडवतं ते न झेपणारं कर्ज. म्हणून विचारायचं ते हे, की बंद पडलंच तर किती पैसे जातील आणि ते सोसतील का? याचं उत्तर टक्केवारीत नसतं, वहीत असतं. ‘स्वप्न बघ, उडी मार’ म्हणणारे रील्सवालेही ती वही उघडत नाहीत आणि माझ्यासारखे शहाणेही नाहीत.

मी लिहिलेली दोन अ‍ॅप्स बंद पडली. रेझ्युमेवर तो ‘अनुभव’ आहे. वहिनीचं केंद्र बंद पडलं असतं, तर मात्र ‘तरी सांगत होतो’. हा दुटप्पीपणा मोजायला कुठलीच आकडेवारी लागत नाही.

परवा वही मागून घेतली. गॅसचा खर्च थोडा कमी धरलाय, बाकी हिशोब चोख आहे. तो गाळा गेला. आता दुसरा शोधतोय.