मंडळ कुणाच्या बापाचं?

आपल्या वस्त्यांत लिहिणाऱ्या पोरांचा दुष्काळ नाय. कवितेचाही नाय. दुष्काळ आहे तो टिकणाऱ्या मंडळांचा. दर सहा महिन्यांनी कुठंतरी फ्लेक्स लागतो. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीला हार पडतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार जाहीर होतात, टाळ्या पडतात. आणि वर्षाच्या आत तोच फ्लेक्स कुणाच्या तरी झोपडीवर गळतीला झाकण म्हणून जातो. तेवढाच त्याचा उपयोग.

मग आपणच छाती बडवतो : आपल्यात एकी नाय. हे साफ खोटं आहे. मोर्चाला एकी असते, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर एकी असते, मयताला तर असतेच असते. मग मंडळातच कुठं जाते? मी म्हणतो, ती जात नाय, तिला राहायला जागाच नसते. आपण मंडळ काढतो, पण चालवायचं कसं याचा विचार करत नाय. ती कारकुनी आहे असं आपल्याला वाटतं. दोस्तांनो, ती कारकुनी नाय. ती सत्तेची पहिली इयत्ता आहे, आणि आपण तिच्यातच नापास होतोय.

मी गोदीत काम करतो, म्हणून गोदीतलंच सांगतो. एके काळी मुंबईच्या गोदीत टोळीवाल्याचं राज्य होतं. जहाज लागलं की टोळीवाला माणसं उचलायचा. कुणाला उचलायचं आणि कुणाला गेटावर वाळत ठेवायचं, हे त्याच्या मर्जीवर. मजुरी त्याच्या हातातून यायची, म्हंजे त्याच्या हाताला चिकटून उरेल तेवढी यायची. टोळी माणसांची नव्हती, टोळीवाल्याची होती. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. पुढं डॉक लेबर बोर्ड आलं. बोर्ड म्हंजे मंडळच की. कामगारांची नोंद झाली, यादी झाली आणि काम पाळीनं मिळायला लागलं. तुझ्या टोळीची पाळी आली की जहाज तुझ्या टोळीला. हजर राहिलास आणि काम निघालं नाय, तरी हजेरीचे पैसे. हे कुणा टोळीवाल्याला पाझर फुटला म्हणून झालं नाय. माणसं लढली म्हणून झालं.

मग १९८९ ला न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं, माल कंटेनरात शिरला आणि कंटेनर खाडीपलीकडं गेले. १९९४ ला मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टात विरघळलं. आणि माझ्यासारखी कंत्राटी पोरं पुन्हा मुकादमाच्या तोंडाकडं बघत गेटावर उभी राहिली. पाळी गेली की मर्जी येते. मधी तिसरं काही नसतं.

आता सांगा, आपली साहित्य मंडळं यातल्या कुठल्या काळात आहेत?

टोळीवाल्याच्या. साहित्यातला टोळीवाला तुम्ही बघितलाय. संमेलनाचं निमंत्रण त्याला येतं, पोरं तो उचलतो. कोण कवी आणि कोण नुसता टाळ्या वाजवणारा, हे तो ठरवतो. त्याच्या कवितेला वेळेची मर्यादा नाय, बाकीच्यांना तीन मिनिटं. त्याच्याविरुद्ध एक शब्द बोललास की पुढच्या पत्रिकेतून तुझं नाव गळालं. आणि हा माणूस दुष्ट असतो असंही नाय. बऱ्याचदा त्यानंच मंडळ काढलेलं असतं, खिशातले पैसे घातलेले असतात, बायकोच्या शिव्या खाल्लेल्या असतात. म्हणूनच त्याला वाटतं, मंडळ आपलं. आणि आपल्यालाही तसंच वाटतं. गडबड तिथं आहे.

मी दोन वर्षं एका मंडळात होतो. नाव कशाला घेऊ? समाजमंदिराची किल्ली, पावतीपुस्तक आणि आम्हा सगळ्यांच्या कवितांची वही, तिन्ही एकाच घरात असायची. एक दिवस वर्गणीवरून भांडण झालं. दुसऱ्या दिवशी त्या घराचं कपाट बंद झालं आणि कपाटाबरोबर मंडळ बंद झालं. आमची भाषा, आमचा संताप, आमच्या आयांच्या गोष्टी अजून त्या कपाटात आहेत. झेरॉक्स कुणी काढली नव्हती. त्या वहीत एका पोराची पहिलीच कविता होती. त्यानं पुन्हा लिहिलं नाय.

मंडळ मोडणं म्हंजे काय, तर हे. एक फलक उतरत नाय, एक माणूस लिहायचा थांबतो.

आपल्या इतिहासाकडं बघा. १८८५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या मंडळींनी ग्रंथकार सभा भरवली आणि जोतीबा फुल्यांना बोलावणं धाडलं. जोतीबा गेले नायत. पत्र लिहून कळवलं की, तुमच्या पुस्तकांत आमच्या हक्काला जागा नसेल तर तुमच्या सभेत आम्ही येऊन करू काय. आपलं आपण बघू. पहिला धडा हा : आपली बैठक आपण घालायची. हा धडा आपण शिकलो. १९५८ साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं. १९७२ ला पँथर उभी राहिली ती लिहिणाऱ्या पोरांच्या जोरावर, आणि सारा महाराष्ट्र हादरला. १९७४ ला तीत फूट पडली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. कोण बरोबर नि कोण चूक, हे ठरवायला मी बसलेलो नाय. वाद असावेत. बुद्ध की मार्क्स हा वाद काही नळावरचं भांडण नाय. मला एवढंच कळतं की वाद झाल्यावर निकाल कसा लावायचा, ही रीत भांडणाच्या आधी ठरलेली पायजे. नायतर वाद जागच्या जागी राहतो आणि संघटना संपते. दुसरा धडा हा, आणि तो आपण अजून गिरवला नाय.

आणि हा धडा परक्याचा नाय. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेब शेवटचं मोठं भाषण करत होते. लोकशाही या देशाला नवी नाय, हे सांगताना त्यांनी बौद्ध भिक्षुसंघाचा दाखला दिला. संघात बसायचं कसं, ठराव मांडायचा कसा, किती माणसं हजर असली म्हंजे सभा खरी, मत गुप्तपणे कसं द्यायचं, सगळ्याचे नियम होते. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेपासून सावध राहायला सांगितलं. ज्यांच्या बापानं देशाची घटना लिहिली, त्यांच्या मंडळाला दोन पानांची घटना नसावी? लाज वाटायला पायजे राव.

काहीजण म्हणतील, कवी म्हंजे विद्रोही, त्याला नियमात कसला बांधता? मी उलट विचारतो. नियम नसले की कुणाचं फावतं? ज्याच्या घरी बैठकीची खोली आहे, ज्याची नोकरी कायम आहे, ज्याचा आवाज मोठा आहे, त्याचं. ज्याच्याकडं काहीच नाय, त्याच्याकडं नियमच असतो. दुसरे म्हणतील, एकट्या माणसाच्या जिद्दीवरही कामं उभी राहिलीत. खरं आहे. गंगाधर पानतावण्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' काढलं आणि २०१८ ला जाईपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, हातचं सोडलं नाय. गावोगाव लेखक-वाचकांचे मेळावे भरवले. किती नवी पोरं त्या पानांवर उभी राहिली. त्यांना माझा जय भीम. पण प्रत्येक वस्तीत पानतावणे जन्माला येणार नायत. त्यांची वाट बघत बसायचं, की पाळी लावायची?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मंडळात पाळी आणा.

अध्यक्ष तीन महिन्यांचा, हजेरीच्या यादीनं. यादीत ज्याचं नाव पुढं, त्याची खुर्ची. वाचायलाही पाळी. मागच्या वेळी जो शेवटी वाचला तो आता पहिला. पुरस्कारवाला आला तरी यादी हलायची नाय. बाहेरून निमंत्रण आलं तर तेही यादीनं जाईल. पहिल्या खेपेला पोरगं अडखळेल. अडखळू दे.

किल्ली, पावतीपुस्तक आणि वही तीन घरांत. हिशोब बैठकीच्या सुरवातीला मोठ्यानं वाचायचा, शेवटी नाय. शेवटी सगळ्यांना लोकल पकडायची असते. आणि कविता लिहिणाराची. मंडळाला ती अंकापुरती मिळते. मूळ कागद लिहिणाराकडं, नक्कल मंडळाकडं.

बारा माणसांची एक टोळी. पंधरा झाली की आपण होऊन दोन टोळ्या करायच्या, भांडणानं करायची वेळ येण्याआधी. मोठ्या बैठकीत दोघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. लहान टोळीत मुक्यालाही तोंड फुटतं. टोळ्या कामाच्या वेळेवर पाडा. रात्रपाळीवाला रविवारी सकाळी डोळे चोळत येऊन काय ऐकणार? शाहिरीची वेगळी टोळी, आत्मकथन लिहिणारांची वेगळी. महिन्यातून एकदा प्रत्येक टोळीतून एकजण, तोही पाळीनं, एकत्र बैठकीला.

बायांना वेगळी टोळी पायजे असेल तर ती त्यांचा हक्क म्हणून, परवानगी म्हणून नाय. लगेच आपले पुरुष कार्यकर्ते म्हणतात, वेगळी चूल कशाला? अरे, संध्याकाळी सातला बैठक ठेवता, ती पाण्याची नि भाकरीची वेळ. बायांना येताच येणार नाय अशी वेळ नेमायची आणि वर विचारायचं की बाया लिहीत का नायत. ऐंशीच्या दशकात मुंबईत दलित लेखिकांनी 'संवादिनी' नावाचा आपला मंच काढला. १९८९ ला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' काढून आंबेडकरी चळवळीतल्या बायांची हकीकत पुढं आणली. ते काम आपल्या पुरुषांच्या बैठकांतून का निघालं नव्हतं, याचं उत्तर ज्यानं त्यानं आरशात बघून द्यावं.

आता जरा झोंबणारं बोलतो. मंडळाचं नाव 'दलित', आणि हजेरी एकाच जातीची. हे किती दिवस चालवायचं? मातंगाचं पोरगं दोन बैठकांना येतं, तिसऱ्या बैठकीला नाय. वडाराचं, पारध्याचं तर फिरकतच नाय. १९५८ च्या संमेलनाचं उद्‌घाटन अण्णाभाऊ साठ्यांनी केलं होतं, मातंग समाजातल्या, लाल बावट्याच्या, शाळा जेमतेम बघितलेल्या माणसानं. आज आपण त्यांचा फोटो लावतो आणि त्यांच्या पोराला शेवटच्या रांगेत बसवतो. पाळी असली की शेवटची रांग फिरते. पाळीचा सगळ्यात मोठा फायदा तोच.

टीकेचीही रीत करा. कवितेतल्या ओळीवर बोट ठेवून बोलायचं, कवीच्या खानदानावर नाय. ज्यानं वाचली त्यानं सगळ्यांचं ऐकून मग बोलायचं. गावाकडची बोली 'शुद्ध' करायची नाय. ते काम करायला शहरातले मास्तर पुष्कळ आहेत. पण गुळमुळीत वाहवाही नको. 'छान' हा शब्द मंडळात बंद. कुठं हललास ते सांग, कुठं झोप आली ते सांग.

कुणाला काढायचं झालं तर एकट्यादुकट्यानं नाय. आरोप कागदावर, त्याचं म्हणणं सगळ्यांसमोर, मग चिठ्ठ्या टाकून मत. आणि गेलेल्याला परत यायची वाट मोकळी.

नोंदणीची घाई करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं लागतात. पुढं १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्ताकडं जावं लागतं. ही सात नावं कोणती, तिथं खरी मेख आहे. मेव्हणा, भाचा, शेजारी अशी सात नावं लागली की मंडळ कायमचं एका घरचं. माणसं बदलली तर बदल अर्ज करावा लागतो. तो कुणी करत नाय आणि दहा वर्षांनी मेलेली माणसं कागदावर विश्वस्त असतात. आधी दोन वर्षं पाळीनं चालवून दाखवा, मग यादीनंच सात नावं काढा.

मी दहावी पास माणूस. यात मोठं तत्त्वज्ञान नाय. पण गोदीत मला एक कळलंय : ओझं किती जड आहे यापेक्षा ते कितीजणांच्या खांद्यावर आहे, याला महत्त्व. आपल्या शब्दांचं ओझं शंभर वर्षांचं नाय, हजारांचं आहे. ते एका टोळीवाल्याच्या खांद्यावर ठेवलं तर तो तरी मोडतो, नायतर मालक तरी होतो.

तेव्हा वाचणारांना सांगणं आहे. पुढच्या अंकासाठी कविता धाडाल तेव्हा तिच्याबरोबर तुमच्या मंडळाची हजेरीची यादी, पाळी आणि वर्षाचा हिशोबही धाडा. संपादकांना माझी मागणी आहे की ते छापा, कवितेइतक्याच मोठ्या टायपात. आणि ज्या मंडळाकडं हे तिन्ही नसेल, त्यानं विद्रोह हा शब्द जरा जपून वापरावा.

जय भीम.