चव्वेचाळीस डेसिबल आणि एक कुकर

घरातला एक मुलगा इंजिनिअरिंगला असला की त्याला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं, "बघ रे जरा, हा मिक्सर का चालत नाहीये." आणि त्यानंतरही मिक्सर चालला नाही की, "काय शिकवतात रे तुम्हाला तिथे?" अस्मादिक मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरी पोचलो आणि बॅग खाली ठेवायच्या आत बाबांनी फर्मान काढलं, "भांडी घासायचं मशीन घ्यायचंय. कोणतं, ते तू ठरव. आवाज न करणारं बघ."

कारण गंभीर होतं. आईच्या हातांची सालं निघत होती, बोटांना भेगा पडल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, साबण आणि पाण्यापासून हात लांब ठेवा. रबरी हातमोजे आणले, पण ते दोन दिवस टिकले. तेलकट भांडं मोज्यातून निसटतं आणि स्वच्छ झालं की नाही ते बोटांना कळत नाही, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे सकाळची भांडी मावशी घासतात. रात्रीची मात्र आईच.

झालं! मी लॅपटॉप उघडला आणि एक्सेल शीट केली. पाच मशीन्स आणि तब्बल अकरा कॉलम. किंमत, आकार, पाणी, वीज, प्रोग्रॅम किती, वॉरंटी किती वगैरे. एवढी मेहनत मी मेगा प्रोजेक्टसाठीही घेतली नसेल (गाइड सरांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं). सगळ्यात जास्त वजन दिलं ते आवाजाच्या कॉलमला. आमच्या हॉल आणि स्वयंपाकघरामध्ये फक्त एक पडदा आहे, हॉलमध्ये आजी झोपते आणि तिची झोप फार सावध.

दुकानात गेलो तर सेल्समन म्हणतो, "सर, हे ५२ डेसिबलचं, ते ४४ चं. आठचा तर फरक आहे, कशाला जास्त पैसे घालता?" इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. डेसिबल ही साधी मोजपट्टी नाही, लॉग स्केल आहे. दर १० डेसिबलला ध्वनीची शक्ती दहापट होते. म्हणजे ५२ वरून ४४ वर येणं हे आठने कमी होणं नसून शक्ती जवळजवळ सहापट कमी होणं आहे. कानाला ते सहापट जाणवत नाही, साधारण निम्म्याच्या आसपास आल्यासारखं वाटतं. पण सावध झोपेच्या माणसासाठी निम्मा आवाज म्हणजे पुष्कळ.

हा आवाज येतो कुठून? पाणी फिरवणारा पंप, टाकीच्या भिंतींवर आदळणारे फवारे, घाण पाणी बाहेर टाकणारा दुसरा पंप आणि या सगळ्यांबरोबर थरथरणारे पत्रे. म्हणून चांगल्या मशीनमध्ये आतली टाकी स्टीलची असते, तिला बाहेरून डांबरासारख्या पदार्थाचे जाड थर चिकटवलेले असतात आणि मोटार ब्रशलेस असते. दार उघडून स्टीलवर टिचकी मारून बघा. 'टण्ण' वाजलं तर विचार करा, 'ठप्प' वाजलं तर पुढे बोला. ब्रोशरपेक्षा ही टिचकी बरंच काही सांगून जाते.

तर ४२ डेसिबलचं एक मशीन माझ्या शीटमध्ये पहिलं आलं. घरी जेवताना मी सगळ्यांना प्रेझेंटेशन दिलं. बाबा खूष. ताई इम्प्रेस. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्यात माझा कुकर बसेल का?"

अकरा कॉलम, आणि कुकरचा कॉलमच नव्हता!

व्हायवात एक्स्टर्नलसमोर होतं तसं माझं झालं. ब्रोशरमध्ये '१४ प्लेस सेटिंग' असं छापलेलं असतं. ते ताटल्या, बश्या, पेले, काटे-चमचे अशा हिशोबाने. आपल्याकडे कुकर, कढई, पातेली, परात आणि आमटीच्या वाट्या असतात. शेवटी एका कापडी पिशवीत आईचा कुकर आणि मोठी कढई घालून आम्ही तिघं पुन्हा दुकानात. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता. ४२ डेसिबलवाल्यात कुकर बसला नाही. चमच्यांचा तिसरा ट्रे आणि वरचा रॅक यांनी सगळी उंची खाल्लेली. ४४ वाल्यात वरचा रॅक उचलून वर घेता येत होता आणि खालचे काटे आडवे पाडता येत होते. कुकर बसला. दोन डेसिबल सोडले, कुकर मिळवला.

नंतर वाचताना एक गोष्ट कळली आणि लाज वाटली. कामाला येईल असं भांडी धुण्याचं यंत्र बनवलं ते जोसेफीन कॉक्रन या अमेरिकन बाईंनी. त्यांना १८८६ साली पेटंट मिळालं. त्यांनी यंत्र कसं बांधायला घेतलं? आधी घरातल्या ताटल्या, कप, बश्या मोजल्या आणि त्या मापाचे तारेचे कप्पे केले. मोटार, पाणी, चाक हे सगळं नंतर. म्हणजे १८८६ साली जे डिझाइनचं पहिलं पाऊल होतं, ते मी चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून गाळलं होतं.

मशीन घरी यायला पाच दिवस होते. त्यातल्या एका रात्री मी अकराच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो. आई भांडी घासत होती. सिंकच्या तळाशी जुना टॉवेल घातलेला. ओट्यावरही एक जाड फडकं. घासलेलं प्रत्येक भांडं ती त्या फडक्यावर अलगद ठेवत होती. नळ बारीक, धार भांड्याच्या कडेवरून सोडलेली. मी विचारलं, "हे टॉवेल कशाला?" ती कुजबुजत म्हणाली, "आजींना जाग येते ना."

मी तसाच उभा राहिलो. टॉवेल म्हणजे डॅम्पिंग. बारीक धार म्हणजे आवाजावर तो उगमापाशीच केलेला उपाय. व्हायब्रेशनच्या पेपरात दहा मार्कांना येणारा प्रश्न ती माझ्या जन्माच्या आधीपासून रोज रात्री सोडवत होती. आणि मला इतकी वर्षं वाटायचं की आमच्या घरात रात्री आवाज होतच नाही.

आता जोडणीबद्दल. स्टाफपैकी कुणी मशीन घ्यायच्या विचारात असतील तर त्यांना उपयोग होईल. मशीन घेणं सोपं, बसवणं अवघड.

जागा: ६० सेंटिमीटर रुंद, तेवढंच खोल, ८५ सेंटिमीटर उंच. आमच्या ओट्याखाली कडाप्प्याचे उभे आधार, त्यामुळे तिथे शक्यच नव्हतं. मशीन ड्राय बाल्कनीत गेलं.

वीज: पाणी तापवायचा हीटर असतो, त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डवर चालवायचं धाडस करू नये, ते हॉस्टेलच्या इमर्शन रॉडपुरतंच ठेवावं (रेक्टर सर, गंमत केली).

पाण्याचा दाब: इथे आमची वाट लागली. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी आमच्या डोक्यावर, म्हणजे दाब भरपूर असं बाबांना वाटत होतं. प्रत्यक्षात उलट. १० मीटर उंचीला १ बार हा हिशोब. टाकी नळापासून जेमतेम ३ मीटर वर, म्हणजे ०.३ बार. मशीनला किमान अर्धा बार हवा होता. तळमजल्यावरचे काका मजेत, आम्ही कोरडे! मग प्रेशर पंप बसवला. तो सुरू झाला आणि आजी खडबडून उठून बसली. ४४ डेसिबलचं मशीन आणि त्याला पाणी पाजायला गिरणीसारखा घुमणारा पंप! शेवटी पंप गच्चीत टाकीजवळ नेला, खाली रबराची पट्टी घातली.

लेव्हल: बसवायला आलेला माणूस अर्ध्या तासात गेला. पहिल्याच रात्री 'घुर्रर्र'. मागचा एक पाय जमिनीला टेकतच नव्हता आणि पत्रा भिंतीला घासत होता. पाय स्क्रूने खालीवर होतात. स्पिरिट लेव्हल लावून चारही पाय टेकवले, भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडलं. आवाज गायब.

ड्रेन पाइप: तो नुसता नहाणीत टाकून देऊ नका. पुस्तिकेत दिलेल्या उंचीपर्यंत वर नेऊन मग खाली सोडा. नाहीतर सायफन होऊन आत आलेलं पाणी आल्या पावली निघून जातं.

मीठ: आमचं बोअरचं पाणी जड. मशीनमध्ये रेझिन असतं, ते पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम देतं. मिठाने ते पुन्हा ताजं होतं. मीठ जाड, त्यासाठीच मिळणारं, जेवणातलं नाही. फर्स्ट इयरला ईडीटीए टायट्रेशन करताना "याचा आयुष्यात काय उपयोग?" असं मी म्हणालो होतो. केमिस्ट्रीच्या मॅडम, शब्द मागे घेतो.

पहिल्या आठवड्यात आणखी एक फजिती झाली. ज्याच्यासाठी एवढा अट्टहास केला तो कुकर मशीनमधून काळाकुट्ट होऊन बाहेर आला. अॅल्युमिनियमला ती तीव्र अल्कलीची पावडर सोसत नाही. लोखंडी तवा गंजतो, लाकडी पोळपाट-लाटणं फुगतं, तांब्या-पितळेची रया जाते. शेवटी स्टीलचा कुकर घेतला. तो आधी मोजून, हे सांगायला नको.

आता मुद्द्याचं. मशीन आलं त्या दिवशी सकाळी मावशींनी खोक्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग मी उद्यापासून येऊ नको का?"

हाही कॉलम माझ्या शीटमध्ये नव्हता. वीज वाचते किती, पाणी वाचतं किती हे मी दशांश चिन्हापर्यंत काढलं होतं. मावशींच्या घरात दर महिन्याला काय कमी पडेल हा आकडा माझ्या डोक्यातही आला नव्हता. आईने एका क्षणात सांगितलं, "याल की. हात माझे गेलेत तसे तुमचेही जातायत. सकाळची भांडीही यातच लावा, आणि उरलेल्या वेळात मला पोळ्या करू लागा. पैसे आहेत तेच." हे प्रत्येक घराला परवडेल असं नाही, हे मला मान्य आहे. पण मावशींचा पगार कापून मशीनचे हप्ते भरायचे असतील, तर त्याला 'सोय' म्हणू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं मत घरातल्या पुरुषमंडळींबद्दल. मशीन भांडी घासतं. पण खरकटं काढणं, भांडी लावणं, धुतलेली जागच्या जागी ठेवणं, जाळी साफ करणं हे सगळं माणसालाच करावं लागतं. ते सगळं आईच करणार असेल तर तिचे हात वाचले, पाय मात्र तिथेच उभे. आमच्याकडे ठराव झाला: रात्री मशीन बाबा लावणार, सकाळी ताई रिकामं करणार, सुट्टीत दोन्ही मी. पहिल्या रात्री बाबांनी वाट्या उताण्या ठेवल्या. सकाळी प्रत्येक वाटीत गढूळ पाणी. दुसऱ्या रात्री कालथा फवाऱ्याच्या पात्याला लागत होता. तासभर 'टक, टक, टक'. आता बाबा एक्स्पर्ट आहेत. शेजाऱ्यांना बोलावून लेक्चर देतात.

आणि आई? पहिले चार-पाच दिवस ती रात्री उगाच स्वयंपाकघरात चक्कर मारायची. मशीनला कान लावायची. मग एक दिवस साडेनऊलाच आजीशेजारी टीव्ही बघत बसलेली दिसली. तो टॉवेल तिने धुऊन कपाटात ठेवून दिला आहे. भेगा भरत आल्यात.

म्हणून माझं मत विचाराल तर, शांत मशीन जरूर घ्या, डेसिबल बघा, टिचकी मारा, पण शीटचा पहिला कॉलम त्या माणसाला विचारून भरा जो आज ते काम करतोय. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. फक्त त्याचा आवाज होत नाही, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही.

सुट्टी संपवून हॉस्टेलला परतलो. रात्री मेसमध्ये जेवलो, सवयीने अर्धी भाजी टाकून ताट टबात भिरकावलं. 'खण्ण!' आणि तेव्हा पहिल्यांदाच मागे बघितलं. टबाशी दोन काका बसले होते. समोर आपल्या सगळ्यांच्या ताटांचा ढीग, आणि त्यांची बोटं अगदी आईसारखी.

आपल्या मेसला मशीन कधी येईल ते मॅनेजमेंट जाणे. तोवर ताटातलं खरकटं बादलीत टाकून ताट हळू ठेवायला काय हरकत आहे? त्याला ना सॉकेट लागतो, ना प्रेशर पंप.